पाटावरचा पाव्हणा

भाऊबीजेला भाऊ साडी आणतो, गेला बाजार झंपरपीस तरी आणतो. अजिनाथनं बहिणीसाठी व्हीसीआर आणला. त्याचं एक बटण निखळलेलं होतं आणि तिथं आगपेटीची काडी खुपसल्याशिवाय तो चालू होत नसे. शिर्डीच्या ज्या लॉजवर अजिनाथ खोल्या झाडायचा, तिथल्या मालकानं तो भंगारात काढला होता. सोबत एक कापडी पिशवी होती. ती कुणा जपानी पाहुण्याची, खोलीत तशीच राहून गेलेली. आत एक कॅसेट आणि चित्रांची जाडजूड पुस्तकं.

"न्यायला आला न्हाई परत?" सत्यशीलानं विचारलं.

"न्हाई ना. पहाटंच गेला निघून. बूटसुदीक खोलीतच." अजिनाथ हसला. "मालक म्हनला, तुला पायजे तर ने. बूट मला बसना झालं, म्हनून हे आनलं."

असा भाऊ असल्यावर बहिणीनं काय बोलावं? तिनं ओवाळलं, गोड खाऊ घातलं आणि पिशवी कोनाड्यात ठेवून दिली.

पाथर्डीच्या पुढं, गर्भगिरीच्या उतारावर ती खडकवस्ती. दिवाळी झाली की तिथं ट्रक येतात आणि भांडीकुंडी, कोंबड्या, लेकरं घेऊन अख्खी वस्ती उसाच्या तोडीला निघून जाते. मागं राहतात म्हातारी माणसं आणि कुलपं. दिवसाढवळ्या रस्त्यानं चाललं तर आपल्याच चपलेचा आवाज दोन्हीकडच्या बंद दारांवरून परत येतो. त्या वर्षी त्या मागं राहिलेल्यांत सत्यशीला होती, कारण तिला दिवस गेले होते आणि आधीची दोन उसाच्या फडातच गेली होती. "या खेपंला मी न्हाई जायची," असं तिनं नवऱ्याला, आसारामला, स्पष्ट सांगितलं होतं. तो बिचारा कबूल झाला. त्याची आई लंकाबाई झाली नाही.

तोडीवर नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. आसाराम आता चुलतभावाच्या जोडीला अर्धा कोयता म्हणून, अर्ध्याच मजुरीवर गेला होता, आणि हे लंकाबाई सुनेला उठता-बसता ऐकवायची. पाणी मागितलं तरी ऐकवायची. लंकाबाई वाईट बाई नव्हती, पण चांगुलपणा दाखवायची तिला घाई नव्हती. रिकाम्या वस्तीत, एका छपराखाली, त्या दोघी एकमेकींकडं न बघता दिवस ढकलायच्या. सत्यशीलाला एकच हवं होतं. हे मूल जगावं. त्यासाठी घरात जरा शांतता मिळाली तरी तिला पुरलं असतं.

एका दुपारी वीज होती, काम नव्हतं, म्हणून तिनं लग्नात आलेल्या टीव्हीला तो व्हीसीआर जोडला. काडी खुपसली. चित्र वर-खाली पळालं, मग थांबलं.

कार्टून होतं. लांब काळा कोट घातलेलं, काटकुळं, रक्त पिणारं एक भूत. पण कसलं भूत! दारातून आत येताना चौकटीला डोकं आपटून घेणारं. लसणाच्या वासानं चक्कर येऊन पडणारं. एका जाड्या आचाऱ्याच्या मानेला चावायला गेलं तर दातच अडकून बसला, आणि आचारी त्याला तसंच मानेला लटकवून बाजार करून आला. चहाचं दुकान चालवणाऱ्या एका बाईच्या घरात ते राहायचं, कायम उपाशी, आणि दिसेल त्याला कमरेत वाकून नमस्कार घालायचं.

बोली जपानी. शेजारची रंगुबाई टीव्हीचा आवाज ऐकून काठी टेकत आली होती. तिला मोतीबिंदू, उजेड-अंधार तेवढा कळायचा. "काय म्हनतंय गं ते?" असं तिनं विचारलं आणि सत्यशीलाच्या तोंडून सहज निघून गेलं, "त्यो म्हनतोय, रगत हाय का वो वहिनी, कपभर? बिनसाखरेचं बी चालंल."

लंकाबाई दाराशी, टीव्हीकडं पाठ करून बसली होती. तिची पाठ हलायला लागली. मग ती वळली, आणि खांबाला धरून अशी हसली की डोळ्यांना पदर लावावा लागला. त्या संध्याकाळी तिनं सुनेच्या भाकरीवर न मागता लोणी ठेवलं.

मग काय, याडच लागलं. वीज कधी येते याकडं तिघी डोळे लावून बसायच्या. भुताचं नाव त्यांनी पाव्हणा ठेवलं. पाव्हणा आता पडणार, आता त्याच्या कोटाला उन्हानं धूर सुटणार, सगळं तोंडपाठ झालं, तरी रोज नव्यानं हसू यायचं. सत्यशीला रोज त्याच्या तोंडी नवीन बोलणं घालायची. लंकाबाई गोठ्यात शिरताना मुद्दाम चौकटीला डोकं टेकवून म्हशीला वाकून नमस्कार घालायची. अर्धा कोयता हा शब्द घरातून गेला. आणि एके दिवशी व्हीसीआरनं कॅसेट खाल्ली. फीत आतड्यासारखी बाहेर आली आणि तुटली.

दोन दिवसांत लोणी बंद झालं. तिसऱ्या दिवशी लंकाबाई म्हणाली, "माझा लेक तिकडं एकला मरतोय अन् हितं रानीसायेब बसल्यात."

सत्यशीलानं कोनाड्यातली पुस्तकं काढली ती त्या दिवशी. उघडून बघते तर पाव्हणाच! तोच कोट, तोच आचारी, तीच चहावाली. या चित्रांवरूनच ते कार्टून काढलेलं असणार, आणि इथं गोष्ट त्याहून कितीतरी मोठी होती. तिला इतका आनंद झाला की ती ओरडलीच, "आत्याबाई, पाव्हना सापडला!"

लंकाबाईचा नवरा जिवंत असताना श्रावणात पोथी वाचायचा. तेव्हा ऐकायला बसायचं कसं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिनं ओसरी सारवली, पुस्तकाला चौरंग मांडला, सुनेला पूर्वेकडं तोंड करून बसवलं. आणि समोर एक रिकामा पाट ठेवला.

"ह्यो कुनाला?"

"ज्याची पोथी त्याला पाट. रामायन लागलं की मारुतीला ठेवत्यात न्हवं? त्यो येऊन ऐकतो. मग ह्यो पाव्हन्याला."

"आत्याबाई, ही कुठं पोथी हाय?"

"रोज वाचायची ती पोथीच," लंकाबाई म्हणाली, आणि पाटाकडं बघून कमरेत वाकली. "या पाव्हनं, बसा!" तिघी हसून हसून लोळल्या.

सत्यशीलानं थप्पीतलं वरचं पुस्तक घेतलं, आपण उघडतो तसं उघडलं आणि पानं उलटत, चित्रांवर बोट ठेवत सांगायला लागली. शेवटी गूळ-शेंगदाणे वाटले. पाटासमोरही चिमूटभर ठेवले.

गोष्ट जरा विचित्रच चालायची. पाव्हणा आधी भिजलेला दिसायचा आणि मग नदीत पडायचा. सत्यशीलाला वाटलं, परक्या मुलखातली तऱ्हा असेल. ती सांधे जुळवून घ्यायची. पहिलं पुस्तक हसण्यात संपलं. दुसऱ्यात आचारी दिसेनासा झाला. तिसऱ्यात चहावालीच्या चेहऱ्यावर हसू राहिलं नाही. ती दाराला पाठ लावून उभी असायची. आणि पाव्हण्याचं तोंड बदलत चाललं होतं. गाल आत गेले होते, डोळे पानाबाहेर बघायचे. त्यानं डोकं आपटणं सोडून दिलं होतं. आता तो दारातून सरळ आत यायचा.

पण सत्यशीला काय सांगत होती? तेच. "म्हनला, वहिनी, अर्धा कप तरी द्या." लंकाबाईला लांबूनचं दिसायचं, जवळचं नाही; रंगुबाईला काहीच नाही. दोघी खदखदून हसायच्या आणि भाकरीवर लोणी यायचं. पोटातल्या जिवासाठी ती खोटं बोलत होती. तुम्ही-आम्हीही बोललो असतो.

नर्सबाई वस्तीवर आली तेव्हा तिनं सत्यशीलाची खालची पापणी ओढून बघितली. "पांढरीफटक पडलीस. गोळ्या खातीस का फेकतीस?"

"खाती वो."

"खाती, तर रगत जातंय कुठं?"

लंकाबाई गूळ-शेंगदाण्याचे लाडू वळायला लागली. तरी सत्यशीलाला वाचता वाचता डोळ्यांपुढं अंधारी यायची. एक वासही यायचा, तापल्या तव्यावर पाण्याचा शिंतोडा उडाल्यावर येतो तसा. दुपारी चूल विझलेली असायची. पोथी झाली की ती पाट उचलून भिंतीला लावायची. एकदा पाट तिच्या हाताला कोमट लागला. तिथवर ऊन येत नव्हतं.

त्यानंतर एका दुपारी ती पाव्हण्याच्या तोंडचं काहीतरी सांगत होती. लंकाबाईला ठसका लागेपर्यंत हसू आलं होतं. रंगुबाईही हसत होती. हसता हसता तिनं मान वळवली, आणि तिचं हसू हळूहळू थांबलं.

"लंके… तुजा लेक आलाय व्हय?"

"न्हाई की."

"मग पाटावर कोन हाय?"

लंकाबाई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "पाव्हना हाय!"

रंगुबाई हसली नाही. हातातली काठी तिनं पाटाच्या दिशेनं केली. मग अगदी हळू म्हणाली, "आपुन येवढ्या हसतोय… त्यो का हसत न्हाई?"

भर दुपारी सत्यशीलाच्या अंगावर काटा आला. इतके दिवस त्यांनी त्याचं सोंग आणलं होतं, त्याच्या तोंडी हवं ते घातलं होतं, त्याच्या भुकेची टर उडवली होती. आणि ज्याची टर उडवली, त्याला रोज मानानं पाट मांडून समोर बसवलं होतं. तो येऊन ऐकत होता. बोलत नव्हता, हसत नव्हता, कोण कोण हसतंय ते बघत होता.

"आत्याबाई, ऱ्हाऊ द्या आता हे," ती त्या संध्याकाळी म्हणाली. "मला भ्या वाटतंय."

"भ्या?" लंकाबाईचा आवाज चढला. "मला येक दोन घटका बरं वाटतंय, ते बघवंना व्हय तुला? तुझ्यापायी माझं घर अर्धं झालं, मी बोलले का काही? पोथी अर्धी ठेवायची नसती. पोटुशी बाईच्या घरात तर न्हाईच न्हाई. वाईट होतं."

वाईट कुणाचं होतं, हे तिनं सांगितलं नाही. सत्यशीलाचा हात मात्र आपोआप पोटावर गेला. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा चौरंगापुढं बसली.

शेवटच्या पुस्तकाची थोडी पानं उरली असताना अजिनाथ तिला बाळंतपणासाठी माहेरी न्यायला आला. चौरंगावरचं पुस्तक बघून तो हसायला लागला.

"अगं, उलटं वाचतीस की! ह्ये त्या बाजूनं उघडायचं असतं. त्या जपानी पाहुन्यानंच दाखवलं हुतं मला. त्यांची पुस्तकं आपल्या मागच्या अंगानं सुरू होत्यात."

"म्हंजी?"

"म्हंजी तू शेवटाकडनं आलीस. थप्पीत बी शेवटचं पुस्तकच वर हुतं. पाव्हना आधी लई वंगाळ असतो, मग हळूहळू मानसाळतो, अन् शेवटाला सगळ्यांना रामराम करून जातो." त्यानं बोटानं उरलेली पानं दाखवली. "सुरवातीला काय करतो ते ठावं न्हाई. ती पानं त्या जपान्यानं मला दाखवली न्हाईत. हात ठेवला त्यावर."

सत्यशीलाला सगळे सांधे एकदम कळले. माणसाळलेल्याला त्यांनी पान पान करून पुन्हा जनावर केलं होतं. गेलेल्याला दारापर्यंत परत आणलं होतं. आणि हे ती नुसतं मनात म्हणत होती, कारण समोर लंकाबाई पुरणाची डाळ निवडत बसली होती. सून जाणार म्हणून त्याच दिवशी समाप्ती करायची, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

"समाप्ती झाल्याबगर उंबरा वलांडू देनार न्हाई," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत ते जुनं वैर परत आलेलं सत्यशीलानं बघितलं. अजिनाथ म्हणाला, "वाच की गं, पुरनपोळी तरी खाऊन जाऊ." भाऊ कुणाचा!

ती वाचायला बसली. उरलेल्या पानांत काय होतं ते तिनं पुढं कधी कुणाला सांगितलं नाही. तोंडानं ती काहीतरी हसण्यासारखं बोलत राहिली, आणि ओसरीवर हसू होत राहिलं. तव्याचा तो वास इतका दाटला की तिनं पदर नाकाला लावला. शेवटचं पान आलं. त्यावर एक घर होतं, घराचं दार सताड उघडं, अंगण मोकळं. माणूस कुणीच नव्हतं. पाव्हणाही नव्हता.

"मग पाव्हना… त्याच्या गावाला गेला," ती म्हणाली. "सपली पोथी."

लंकाबाईनं ताट वाढून पाटासमोर ठेवलं. पुरणपोळी, वर तुपाची धार. मग तिनं पदर सावरला आणि हात जोडले. या वेळी ती चेष्टा करत नव्हती. तो सगळा हिवाळा तिला माणसासारखा गेला होता आणि ती खरोखरच उपकार मानत होती.

"पाव्हनं, लई हसवलं तुमी. आमी गरिबानं काय द्यावं? या घरातनं तुमाला काय पायजे ते घ्या, अन् सुखानं ऱ्हावा."

"आत्याबाई!" सत्यशीला ओरडली.

रंगुबाईनं दोन्ही हात गालांना लावले.

"हसला गं बया…" ती म्हणाली. "आज हसला त्यो."

सत्यशीलाला हसणं ऐकू आलं नाही. पोटातलं मूल मात्र एकदा जोरानं फिरलं, आणि दिवस मावळेपर्यंत पुन्हा हललं नाही.

तरी देवाची कृपा म्हणा, माहेरी सगळं सुरळीत झालं. तिथं तिच्या अंगात रक्त भरलं, गालांवर रंग आला. वैशाखात मुलगा झाला, हातापायांनी धडधाकट. तोडीवरून परतलेला आसाराम धावत बघायला आला आणि पोराला छातीशी धरून रडला. सत्यशीलाला वाटलं, आपण उगीच भ्यालो. रक्त कमी असलं की माणसाला नाही नाही ते वाटतं.

सव्वा महिन्यानं ती बाळाला घेऊन सासरी आली. लंकाबाई भिंतीला धरत धरत ओवाळायला दारात आली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "वय झालं," ती म्हणाली. पण ती नातवाला खाली ठेवेना. दिवसभर तिच्या मांडीवर, रात्री तिच्या कुशीत. अर्धा कोयता ती पार विसरली होती. सत्यशीलाला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं.

एकच होतं. पोर हसत नव्हतं. रडायचंही क्वचित. घरात हसण्या-बोलण्याचा गलका झाला की ते एकेका तोंडाकडं सावकाश बघायचं. "शाना होनार," आसाराम म्हणायचा.

श्रावणात चुलतसासरे गहिनीनाथ यांनी घरात खरी पोथी लावली. ओसरी तशीच सारवली, चौरंग मांडला, समोर मारुतीसाठी पाट. वस्ती भरलेली, बायाबापड्या दाटीनं बसलेल्या. पोथी सुरू व्हायला अवकाश होता, म्हणून कुणीतरी लंकाबाईला म्हणालं, "मावशी, ते पाव्हन्याचं सांगा की." लंकाबाईला तेवढंच हवं होतं. ती भिंतीला धरून उठली, चौकटीला डोकं आपटल्याचं सोंग केलं, "रगत हाय का वो वहिनी?" म्हणाली, आणि ओसरी हसण्यानं दणाणून गेली.

सत्यशीला पाणी भरून दारात आली तेव्हा हे चाललेलं होतं. तिनं बाळासाठी इकडं तिकडं बघितलं. आसारामनं, हात मोकळे करायला, पोराला दुपट्यात गुंडाळून समोरच्या पाटावर ठेवलं होतं. ते एकेका तोंडाकडं बघत होतं.

"तिथं नगा ठेवू त्याला!" ती म्हणाली. पण त्या गलक्यात कुणाला ऐकू गेलं नाही.

कोपऱ्यात बसलेल्या रंगुबाईनं तेवढ्यात मान वळवली. पाटाकडं तोंड करून ती म्हणाली, "आला व्हय गं… लई दिसानं." आणि जरा वेळानं, "अजून हसत न्हाई त्यो."

लंकाबाई हसून दमली होती. ती पाटापाशी बसली आणि नातवाच्या हनुवटीला बोट लावून लाडानं म्हणाली, "काय पायजे माझ्या राजाला? आजीचं काय पायजे? घे बाबा. काय पायजे ते घे."

पोर हसलं. जन्माला आल्यापासून पहिल्यांदाच.

एकच गिल्ला झाला. "हसला! हसला!" आसारामनं टाळी वाजवली, बाया पुढं सरकल्या. लंकाबाईला किती कौतुक वाटलं म्हणून सांगू! तिनं आपलं पांढरं पडलेलं बोट त्याच्या ओठांशी नेलं आणि त्यानं ते तोंडात घेतलं. "दात न्हाई अजून," ती सगळ्यांना दाखवत म्हणाली, "पन वढतोय कसा बघा…"

सत्यशीला घागर धरून दारातच उभी होती. तापल्या तव्यावर पाणी पडल्याचा वास तिच्या नाकात भरला. श्रावणी सोमवार होता, सगळ्यांना उपास होता, आणि सकाळपासून घरात चूल पेटलीच नव्हती.